दुसरं जोडवं

खर्र… खर्र…

दुपारच्या सामसूम घरात कानशीचा बारीक आवाज झाला आणि थांबला. कुणी विळ्याला धार लावतंय की काय? पण विळे तर सगळे खाचरात, भातकापणीला गेले होते. मांडीवरचं तान्हं अलगद खाली ठेवून मी माजघरात डोकावले.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, बाजेवर उताण्या निजल्या होत्या. त्यांच्या पायथ्याशी मामंजी जमिनीवर बसलेले. कौलातल्या काचेतून उन्हाचा पट्टा उतरला होता आणि त्यात धूळ तरंगत होती, इतकी सावकाश की जणू तिलाही झोप येत होती. मामंजींच्या एका हातात कानस होती, दुसऱ्यात आत्याबाईंच्या सुजलेल्या पायाचं बोट.

पानशेत फुटलं त्या वर्षीचा कार्तिक. पौडचे डॉक्टर मंगळवारी सायकलवरून येऊन गेले होते. म्हणाले, "काळीज दोघांचंही थकलंय, पण बाजू निराळी. खाचराची मोरी तुंबली की पाणी मागं साठतं ना, तसं. आबांची डावी बाजू थकलीय, म्हणून पाणी फुप्फुसात साठतं. आडवं पडलं की दम कोंडतो. आजींची उजवी. त्यांचं पाणी पायांत उतरतं."

खरंच होतं. मामंजी दसऱ्यापासून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपत. पाय मात्र काटक्यांसारखे कोरडे. आत्याबाई खुशाल आडव्या निजत, पण पाय भोपळ्यासारखे. दोघांचंही मीठ बंद झालं.

"इतक्या वर्सांत पयल्यांदा आमचं एकमत झालं," मामंजी मला म्हणाले होते. "पिठलं वंगाळ हाय."

हसण्यासारखं तेवढंच. आत्याबाईंची जोडवी मांसात रुतून बोटं काळीनिळी पडत चालली होती. डॉक्टरांनी बजावलं, कापून काढा, नाहीतर बोटं जातील. आत्याबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"मालक बसल्यात समूर, आन् जोडवी काढू? बोटं जायची तर जाऊं द्या."

आणि आता मामंजी स्वतःच जोडव्याखाली खराट्याचा हीर सरकवून कानस चालवत होते. चार वेळा घासायचं, मग तोंड उघडून श्वास गोळा करायचा.

"मामंजी, त्या जाग्या झाल्या तर?" मी कुजबुजले.

"गप ऱ्हा, सूनबाई." ते धापा टाकत म्हणाले, "माझ्यामागं चार बाया येतील, आन् हिसकून काढतील. त्यापरीस म्याच काढतो. माझ्याच नावाची हायेत न्हवं?"

माझा पदर ओढला गेला. सहा वर्षांची माझी रत्ना.

"आये, आजी सोंग करतीया. पापणी बघ की, हालतीया."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आत्याबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून एक ओघळ कानाकडे चालला होता.

टिच् करून चांदी तुटली. मामंजींनी आपल्या कमरेच्या करगोट्याचं लोंबतं टोक तोडलं आणि तो काळा दोरा त्या बोटावर, दुखणार नाही असा सैल बांधला.

"हे बी माझंच," ते म्हणाले.

डोळे न उघडता आत्याबाई बोलल्या, "घाई कसली हाय? दम खावा जरा."

"दुसरं ऱ्हायलंय."

"ऱ्हाऊं द्या. कुटं जातंय ते."

"मग जरा टेकतो," म्हणून त्यांनी दुसऱ्या पावलावर कपाळ ठेवलं. दसऱ्यापासून मी त्यांना मान अशी खाली टाकलेलं पाहिलं नव्हतं.

मी तान्ह्याला उचलून उंबऱ्यात बसले, थोपटत राहिले. खळ्यावरून भात झोडल्याचा आवाज लांबून येत होता. उन्हाचा पट्टा सरकत सरकत मामंजींच्या पाठीवर आला. माझाही डोळा लागला असावा. जाग आली ती एक आवाज नव्हता म्हणून. घरभर चालणारी ती धाप कुठेच ऐकू येत नव्हती.

आत्याबाईंचे डोळे आता उघडे होते. त्या आढ्याकडे पाहत होत्या, आणि ते पाऊल त्यांनी जराही हलवलं नव्हतं.

रत्ना चवड्यांवर चालत गेली. वाकून तिने आबांच्या पापण्यांकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"आये, आबा बी सोंग करत्यात का गं?"