सांतूला वाढलेलं फिगातेल्लू

सांतू माझा धाकटा भाऊ. दारूने त्याचं लिव्हर पार पोखरलं होतं, पण गेली तीन वर्षं त्याने वाइनच्या ग्लासाला बोट लावलं नव्हतं. माझ्या धाकाने, दुसरं काय! डॉक्टरांनी बजावलं होतं, आता एक धक्का बसला की संपलं. म्हणून त्याला मी माझ्याच घरी आणून ठेवला, बासष्ट वर्षांचा घोडा.

डिसेंबरात आम्ही डुकरं कापली. आतड्यांत कलेजीचा खिमा भरून फिगातेल्ली केली, म्हणजे आमच्याकडची सॉसेजेस, आणि चुलीवर चेस्टनटच्या लाकडांच्या धुरात टांगली. ओली असतात तेव्हा ती निखाऱ्यावर भाजतात. वाळली की चाकूने कापायची आणि तशीच कच्ची खायची. दुकानातल्यावर हल्ली छापतात, 'पूर्ण शिजवूनच खा.'

"शहरातल्यांचे चोचले!" मी म्हणाले आणि सांतूला जाडजाड काप वाढले. "खा. अंगाला लागू दे जरा."

"वाइनशिवाय?" तो हसला.

"थोबाड फोडीन."

फेब्रुवारीत त्याचे डोळे पिवळे झाले, लघवी कॉफीसारखी. मी काय ते समजले. कपाटं उपसली, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा धुंडाळलं. बाटली मिळाली नाही, त्यामुळे मी आणखीच भडकले.

"कुठे ढोसतोस रे?"

"देवाशपथ ताई, एक थेंब नाही."

आमच्या बेटावरच्या बास्त्या शहरातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, परदेशी जाऊन आलात का? भारत? आफ्रिका? तिकडच्या पाण्यातून कावीळ होते म्हणे.

"मी बोटीत चढत नाही, मला ओकारी येते," सांतू म्हणाला.

"मग दारू?"

"त्यालाच विचारा," मी म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता निघून आले.

अकरा दिवस मी गेले नाही. नर्सचा दोनदा फोन आला, ते तुम्हाला बोलावताहेत. "त्याला म्हणावं, बाटलीला बोलव," असं म्हणाले मी. या तोंडाने म्हणाले.

बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचाच फोन. रक्तात काविळीचा विषाणू सापडला होता. इथलाच, डुकरांमधला. दारूचा काही संबंध नव्हता. "त्यांनी कच्ची कलेजी खाल्ली होती का?"

सगळी मी वाढली होती. हट्टाने, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढली होती.

मी पोचले तेव्हा सांतूला भ्रम झाला होता. त्याने माझा हात धरला.

"आई," तो म्हणाला, "ताई रागावलीय. तिला सांग ना, मी प्यायलो नाही."

"तिला कळलंय रे राजा. सगळी चूक तिचीच होती."

"मग ती येत का नाही?"

मी ताई आहे, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याला पटेना. शेवटी म्हणाले, येतेय, वाटेत आहे.

दुपारी चारला तो गेला. तोवर माझा हात हातात धरून दाराकडे बघत होता.