पूर्वेची भिंत

“पूर्वेच्या भिंतीलगत खणतो. तिथं वारा लागत नाही,” म्हातारा नूट म्हणाला होता आणि फावडं खांद्यावर टाकून पुढं चालू लागला होता. त्याला अकरा वर्षं झाली. नूट गेला, पण त्याचा तो घोगरा आवाज श्रीरंगच्या कानातून गेला नाही.

आज त्या भिंतीखाली चाकं आली होती.

नॉर्थ डकोटातलं ते गावाबाहेरचं चर्च. चहूकडे गहू, आणि गव्हातून अनवाणी चालत येणारा वारा. नूटची बायको इंगा जमलेल्यांना चर्चची कहाणी सांगत होती. नॉर्वेहून आलेली माणसं आधी स्वतः मातीच्या ढेकळांच्या घरांत राहिली. मग आगगाडीनं आलेलं लाकूड बैलगाड्यांतून ओढून त्यांनी १८८९ साली देवाला घर बांधलं. वीज पडून कळस जळाला, तो पुन्हा उभा केला. धुळीच्या वादळांच्या वर्षांत बायका प्रार्थनेआधी बाकांवरची माती ओंजळीनं काढत. एवढं सोसलेलं ते लाकूड, पण शेतं लिलावात गेली, पोरं शहराकडे गेली, तसं हरलं. नऊ डोकी उरली. गेल्या रविवारी शेवटची प्रार्थना झाली. आता अख्खी इमारत चाकांवर चढवून चाळीस मैलांवरच्या म्युझियममध्ये न्यायची होती. थडगी तेवढी मागं राहायची होती, पश्चिमेला, रांगेनं.

पूर्वेला थडगं नव्हतं. निदान चर्चच्या दफनांच्या वहीत तरी नव्हतं.

श्रीरंग जवळच्या कॉलेजात गव्हावर संशोधन करायचा. उन्हाळाभर दर शनिवारी इथं येऊन गवत कापायचा. “एकदाचा बाप्तिस्मा घेऊन टाका,” त्याची बायको उत्तरा टोमणा मारायची, “म्हणजे घरचं लॉनही देवाच्या नावानं कापाल.” तो हसून वेळ मारून न्यायचा.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी गेली, तेव्हा उत्तराला तापात शुद्ध नव्हती. आपल्यात तान्ह्याला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. पण परक्या मुलखात माती मागायची कुणाजवळ? त्यानं चर्चची थडगी खणणाऱ्या नूटला विचारलं. नूटनं कारण विचारलं नाही. एखादी लाकडी खूण करू का, वहीत नाव लिहू का, एवढंच म्हणाला. बारसंच झालं नव्हतं, नाव कुठलं सांगणार? श्रीरंग नको म्हणाला.

शुद्धीवर आल्यावर उत्तरानं विचारलं, तेव्हा हॉस्पिटलनंच सगळं केलं, असं त्यानं सांगून टाकलं. जागा कळली तर ही तिथून उठायची नाही, अशी धास्ती होती. “कुठं नेलं असेल हो तिला?” असं ती एकदाच म्हणाली, भिंतीकडे तोंड करून. पुन्हा कधी विचारलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता त्याचे केस पिकले.

दुसऱ्या खिडकीसमोर, भिंतीपासून चार पावलं. खूण होती ती एवढीच.

ट्रकनं ओढ घेतली. लाकूड कण्हलं. खिडकी जागची हलायच्या आत श्रीरंग दोरी ओलांडून गेला, चार पावलं मोजली आणि उभा राहिला. मुकादम ओरडला की पश्चिमेची जमीन ओली आहे, ट्रक याच बाजूनं वळणार, बाजूला व्हा. श्रीरंग हलला नाही. हॉर्न वाजला. प्रोफेसरला मुळं फुटली, म्हणून कुणी हसलं.

उत्तरा दोरीखालून वाकून आली. “अहो, चला ना. लोक बघतायत. एवढा कसला जीव अडकलाय तुमचा इथं?”

तिचा पाय पुढं पडणार, तोच त्यानं तिचा दंड धरला.

“तिथं पाय नको ठेवूस.” त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. “उत्तरा, मी खोटं बोललो. हॉस्पिटलनं नाही नेलं तिला. मी आणलं, तुझ्या आईनं पाठवलेल्या दुपट्यात गुंडाळून. ती इथं आहे.”