जास्त भाजलेला चुना

तिनं भट्टीचं दार उघडलं आणि चिमट्यानं वाटी बाहेर काढली. चुनखडीचे दाणे आकसून गेले होते. चिमटीत धरून दाबले तरी एकही फुटेना.

प्रयोगशाळेत तिला सगळे भट्टीबाई म्हणत. चुनखडी बेतानं तापवली की तिच्यातला वायू निघून जातो आणि मागे बारीक छिद्रं राहतात. त्या छिद्रांच्या जोरावर चुना धुरातला तोच वायू पुन्हा शोषून घेतो. आच जास्त झाली की छिद्रं बुजतात. नव्या पोरांना ती हे उठताबसता ऐकवायची. आणि तिच्याच हातून आच चढती राहिली. नवरा गेल्याचा फोन आला तशी ती पायांत चप्पल न घालता धावली होती. भट्टी मागाहून कुणीतरी बंद केली. त्यानंतर आज ती पहिल्यांदा कामावर आली होती.

"मेलेला माल आहे, बाई. टाकून देऊ," तिचा सहकारी म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

"पाणी घालून बघू."

चांगला चुना पाण्याचा थेंब पडताच फसफसतो. या दाण्यांवर पाणी नुसतं साचून राहिलं. तिनं वाटी खिडकीपाशी सरकवली.

नवऱ्याला पोचवून आल्यावर ती भांडी घासायला बसली होती. लेक दारात येऊन उभी राहिली.

"आई, डोळ्यांतून टिपूस नाही तुझ्या. काहीच कसं वाटत नाही गं तुला?"

ती भांडी घासतच राहिली होती. लेक निघून गेली, ती गेलीच. आता आईचा फोनही उचलत नव्हती. रडू का येत नाही, याची तिला स्वतःलाच भीती वाटत होती.

दुपार कलली तेव्हा वाटीतून बारीकसा आवाज आला. एक दाणा तडकला होता. मग दुसरा. तिनं वाटीला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

"आत्ता तापतोय?" सहकारी चकित झाला. "इतक्या उशिरा?"

"जास्त भाजलेला चुना उशिरा फुलतो," ती म्हणाली. "पण फुलतो." शेवटचा शब्द नीट उमटलाच नाही.

तिनं हात पुढे केला.

"तुझा फोन दे जरा. माझा ती उचलत नाही."

"हॅलो, कोण?" लेकीनं विचारलं.

तिला बोलायचं होतं, पण आलं ते रडू. थांबवता थांबेना.



"आई?" लेक म्हणाली. "ठेवू नकोस हं फोन. ठेवू नकोस."