पुतळाआत्याच्या पदरातला उंदीर

मी बोलतोय! चमकलात ना? ज्याने आजवर फक्त ऐकलं, तो तोंड उघडतोय म्हटल्यावर चमकणारच. मी रिद्धीचा कॉलर माईक. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली ती ‘खबर पक्की’वाली रिद्धी, तिच्या गळ्यापाशी केसाळ टोपी घालून बसलेला असतो ना, तोच. तुम्ही तिच्याकडे बघता आणि माझ्याकडे दुर्लक्ष करता, त्याचा मला राग नाही. म्हणजे थोडा आहे, पण तो शेवटी सांगेन.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला डोळे नाहीत. कारखान्याने मला नुसते कानच दिले. त्यामुळे कुणी काय नेसलं होतं, कोण कसं दिसत होतं, हे मी लोकांच्या तोंडून ऐकलेलं सांगणार. आवाज मात्र माझे स्वतःचे आहेत. त्यात एका अक्षराची चूक निघाली तर माझी पिन मोडून टाका.

जन्म कुठला ते मला ठाऊक नाही. आम्ही दोघं जुळे, एका डबीत गच्च बसवलेले. डबी पहिल्यांदा उघडली ती उल्हासनगरात, कॅम्प नंबर तीनच्या बाजारात, धर्मेशच्या दुकानात. काय आवाज होते ते, अहाहा! वरच्या माळ्यावर जीन्स शिवणाऱ्या मशिनींची घरघर, रस्त्यावर शेअर रिक्षावाल्यांचं “शहाड, शहाड, एक सीट!” आणि या सगळ्यावर धर्मेशचा मधाळ गळा. “साईं, बडे बडे स्टार लोग यही माईक लगाते हैं,” असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. शेजारच्या ट्रायपॉडबद्दलही तो हेच सांगायचा म्हणा.

तिथे एक दिवस रिद्धी आली. “दादा, रिक्षातून येतानाच माझा घसा बसला, आता भाव करायला लावू नका,” म्हणाली आणि पुढचा अर्धा तास भाव करत राहिली. मी त्याच वेळी मनाशी म्हटलं, हीच माझी मालकीण. असा आवाज गिळून टाकायला नाही, गावभर वाटायला असतो.

आणि वाटलाही तिने! कुठली नटी कुणाच्या गाडीतून उतरली, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणी कोणाला अनफॉलो केलं. रिद्धी सगळं मराठीत, आपल्या आगरी ठसक्यात सांगायची आणि शेवटी टाळी वाजवून म्हणायची, “खबर पक्की!” हेंद्रेपाड्यातली पोरं तिला बघून ओरडायची, “खबर पक्की!” भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी हातात देताना म्हणायची, “ताजी हाय, खबर पक्की!” माझा जुळा भाऊ मात्र पहिल्याच गणपतीच्या मिरवणुकीत कुठेतरी पडला. तेव्हापासून सगळा भार माझ्यावर.

माणसांची एक गंमत मी टिपली आहे. मला कॉलरला लावलं की माणूस बदलतो. रिद्धीची आई एरवी “गॅस बंद कर गो, दूध उतू जातंय” असं ओरडायची. माझी पिन लागली की तीच बाई “नमस्कार मंडळी, दूध तापत आहे” असं बोलायला लागायची. एकच बाई मला कधी बधली नाही, ती म्हणजे रिद्धीची आत्या, पुतळाबाई.

पुतळाआत्या धवलारीण. लग्नघरात हळद लागताना, मांडव घालताना नवरा-नवरीची नावं गुंफून धवले म्हणणारी. पंचक्रोशीत तिच्याशिवाय हळद लागायची नाही. पण अलीकडे मांडवाच्या कोपऱ्यात डीजेच्या भिंती उभ्या राहायच्या आणि आत्या त्यांच्या पायाशी बसून गात राहायची. तिचं गाणं तिचं तिलाही ऐकू येत नसेल. तरी शेवटच्या ओळीपर्यंत गायची. मला तर तिने पहिल्या दिवशीच नाव ठेवलं. “यो उंदीर कशाला बांधलास गो गल्यात?” माझ्या केसाळ टोपीचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

रिद्धीचं सगळ्यात गाजलेलं रील होतं हिमानीचं. हिमानी म्हणजे रोज संध्याकाळच्या मालिकेतली नटी. तिच्या एका फोटोत हातभर हिरवा चुडा दिसला आणि रिद्धीने ठोकून दिलं, “हिरवा चुडा! हिमानीचं गुपचूप लग्न! खबर पक्की!” काय धुमाकूळ झाला सांगू! फोन टुणटुण करून तापला. बिचारी हिमानी सांगत होती, मावसबहिणीच्या लग्नात कासार आला होता, घरातल्या सगळ्याच बायकांनी बांगड्या भरल्या. पण ऐकतो कोण? एकट्या आत्यानेच विचारलं होतं, “त्या पोरीनं सोता सांगलंय का तुला?” रिद्धी हसून म्हणाली, “आत्या, तुला नाय कळायचं यातलं.”

आता मुख्य गोष्टीवर येतो. अंबरनाथला एका कंपनीच्या ऑफिसात यज्ञेश नावाचा मुलगा आहे. आवाज हळू, शब्द मोजके, पण रिद्धी बोलत असली की मध्येमध्ये असा काही “हं” म्हणायचा की माझी सुई हलायची. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. घरच्यांची बोलणी झाली होती. फक्त साखरपुड्याची तारीख राहिली होती. रिद्धीचा चुलतभाऊ चंदू, त्याचं लग्न शहाडच्या उन्नतीशी ठरलं होतं. त्या लग्नाला यज्ञेशची आई वृंदाकाकू सगळ्यांना घेऊन येणार आणि तिथेच थोरामोठ्यांसमोर तारीख पक्की करायची, असं ठरलं. रिद्धीला त्या आठवड्यात झोप नव्हती. स्वप्नात बडबडायची, ती मी डबीतून ऐकायचो.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चंदूची हळद. या घरात नवरदेवाला हळदीला एकटं बसवत नाहीत. बाजूला करवली बसते. तिलाही मुंडावळ्या बांधतात, हिरव्या बांगड्या भरतात, नवऱ्याची उष्टी हळद लावतात. करवली कोण? अर्थात रिद्धी! फोन ट्रायपॉडवर, मी तिच्या गळ्यापाशी, सगळं कसं झोकात. तेवढ्यात मुंडावळीचा दोरा माझ्या टोपीत अडकला. आत्या ओरडली, “काढ तो उंदीर, हलदीनं माखंल!” तिने स्वतःच मला उपटलं आणि ठेवायला जागा नाही म्हणून आपल्या पदराला खोचलं. खोचताना तिचं बोट माझ्या बटणावर दाबलं गेलं. ते बटण भोवतीचा गोंगाट गाळण्याचं.

आणि मंडळी, काय सांगू! डीजेची भिंत लांब कुठेतरी गेली आणि माझ्या कानात आत्या एकटी उरली. जुना, जरासा घोगरा, पण काय टपोरा आवाज!

“हलद लाविली चंदू नवऱ्याला,
बहीन रिद्धी करवली शेजाराला,
उन्नती नवरी शहाडच्या मांडवाला...”

मी आजवर नट्यांच्या भानगडी ऐकल्या, भांडणं ऐकली, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी. अंग नसूनही आला.

रिद्धीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, आवाजात नुसता डीजेचा कल्लोळ असणार. तिने व्हिडिओतला लहानसा तुकडा कापला, माझा आवाज बंद केला, वर कुठलंसं लाडीक गाणं चढवलं, एक लाल बदाम टाकला आणि दिला सोडून. मग हसत हसत तिने माझी डबी मिटली.

सकाळी डबी उघडली ती रडण्याच्या आवाजाने. ‘कॅम्पचा कल्ला’ नावाच्या पेजने तोच तुकडा उचलला होता. रिद्धीची आई वाचून दाखवत होती, “मुंडावळ्या, हिरवा चुडा, बाजूला नवरदेव! खबर पक्कीवालीचं स्वतःचंच गुपचूप लग्न!” खाली लोकांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला होता, आणि नको नको ते लिहिलंही होतं. रिद्धीने खुलासा टाकला. त्यावर उत्तर आलं, “भाऊ आहे म्हणे! सगळ्या असंच म्हणतात.”

मग वृंदाकाकूंचा फोन आला. “अगं रिद्धी, माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण आमच्याकडे करवली मुंडावळ्या बांधून नवऱ्याशेजारी बसत नाही गं. यज्ञेशचे काका अडून बसलेत, खात्री झाल्याशिवाय कोणी लग्नाला जायचं नाही. आता तूच सांग, त्यांना मी काय दाखवू?”

“काकू, तुम्ही या तरी. संध्याकाळी उन्नती तुम्हाला बोहल्यावर दिसेलच ना.”

“यायचं की नाही, तिथेच तर अडलंय, बाळा.”

आणि इथे मी! मला सगळं ठाऊक! चंदू नवरा, रिद्धी करवली, उन्नती नवरी, तिघांची नावं माझ्या कानांतून फोनमध्ये गेलेली! मी डबीत तडफडत होतो. एरवी बोलायला लावणारा मी, आणि नेमका मलाच बोलता येईना.

पुतळाआत्याने पदर खोचला. “कोन यो कल्लेवाला? चल, त्याच्या घरी जाव.” पेज कोणाचं हे शोधायला लागलंच नाही. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी जाहिरात होती, ‘माईक, लाईट, ट्रायपॉड, धर्मेश मोबाइल, कॅम्प तीन.’ माझं माहेर! रिद्धीने मला पर्समध्ये टाकलं, बहुधा सवयीने, आणि दोघी रिक्षात बसल्या.

दुकानात धर्मेशचा मध जरा पातळ झाला. “अरे दीदी, गुस्सा मत करो ना. मैंने तो वही दाखवलं जो दिसत होतं.”

“विचारायचं तरी मला! एक फोन करायचा!”

“आपने हिमानी को फोन किया था क्या?” धर्मेश म्हणाला. “हिरवा चुडा देखा, शादी बोल दिया. मैं तो आपसे ही सीखा, दीदी.”

स्टूल करकरलं, रिद्धी खाली बसली. बाहेर रिक्षावाला “शहाड, शहाड” ओरडत होता.

मग धर्मेशच जरा नरमला. “ओरिजिनल आवाज असेल ना? वही डाल दो. उसमें कोई भाऊ, ताई, कुछ तो बोला होगा.”

“डीजे होता रे. काय ऐकू येणार, डोंबल?” म्हणत रिद्धीने मूळ व्हिडिओ लावला. धर्मेशने तिचा फोन दुकानातल्या मोठ्या स्पीकरला जोडला.

आणि माझा आवाज, म्हणजे आत्याचा आवाज, कॅम्प तीनच्या भर बाजारात घुमला. “हलद लाविली चंदू नवऱ्याला...” वरच्या माळ्यावरच्या मशिनी एकेक करून थांबल्या. पायऱ्यांवर पावलं वाजली. “बहीन रिद्धी करवली शेजाराला...” कोणीतरी म्हणालं, “आवाज बढाव भाई!” एक सिंधी आजी विचारू लागली, कौन गा रही है, कौन? पुतळाआत्या स्वतःचाच आवाज ऐकत होती, माझ्या अगदी जवळ उभी. हळूच म्हणाली, “मी अशी गातंय व्हय? मना कवा ऐकूच नाय आलं गो.” आणि ती रडायला लागली. मग रिद्धी रडायला लागली. मग धर्मेशही नाक ओढायला लागला.

त्याने तिथल्या तिथे तो व्हिडिओ पूर्ण आवाजासकट आपल्या पेजवर टाकला. रिद्धीने वृंदाकाकूंना पाठवला. बदलापूरपर्यंतच्या परतीच्या रिक्षेत फोन एकदाच वाजला. “यज्ञेशचे काका तिसऱ्यांदा ऐकतायत,” वृंदाकाकू म्हणाल्या. “विचारतायत, या बाई संध्याकाळी गाणार आहेत का?”

संध्याकाळी शहाडच्या मांडवात डीजेवाल्याने आपणहून भिंती बंद केल्या. आत्या गायली, मी तिच्या पदरात होतो, आणि मागून तो ओळखीचा “हं” ऐकू आला. तारीख पक्की झाली. त्याच रात्री मांडवात बसून रिद्धीने एक रील केलं. त्यात टाळी नव्हती. “हिमानीताई, तुमचं लग्न झालं नव्हतं. मी न विचारता बोलले. माफ करा.” ते रील फार कुणी बघितलं नाही. हिमानीने मात्र बघितलं, आणि उत्तरात आत्याच्या धवल्याचं कौतुक लिहिलं.

आता माझं वय झालंय. टोपीचे केस झडलेत, पिन सैल झालीय, बॅटरी लवकर दमते. पण माझी जागा बदलली आहे. मी आता हळदीच्या पदरातला माईक. आत्याला आमंत्रण आलं की यजमान आधी विचारतात, “उंदीर आणताय ना?” हा मान कोणत्या स्टार माईकला मिळाला असेल, सांगा!

परवा रिद्धीची स्वतःची हळद झाली. चंदू भाऊ बाजूला, उन्नती वहिनी ताट घेऊन, आणि आत्या माझ्या कानात गात होती.

“हलद लाविली रिद्धी नवरीला,
यज्ञेश नवरा अंबरनाथच्या मांडवाला...”

गाता गाता आत्याचा आवाज एकदाच फाटला. रिद्धीने हळदीचा व्हिडिओ टाकला आणि खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, तिच्या आईने मोठ्याने वाचून दाखवली, “हिचं काय खरं नाय! परत कुणाच्या तरी हळदीत करवली बनून बसली असणार. खबर पक्की!”

सगळं हळदघर हसून लोळलं. रिद्धी सगळ्यात जास्त हसली. आणि मला माझा तो राग आठवला, जो शेवटी सांगेन म्हणालो होतो. तो एवढाच आहे, मंडळी. तुम्ही बघता फार, आणि आवाज बंद ठेवून बघता. ती प्रतिक्रिया लिहिणाऱ्या माणसानेही तसंच बघितलं. आवाज चालू केला असता तर पहिल्याच ओळीत त्याला नवरीचं नाव ऐकू आलं असतं.