मी अर्धा हिंगणघाटचा

मी वाफलचा साचा बोलतोय. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही. सबंध हिंगणघाटात माझ्यासारखा मी एकटाच. बिडाची दोन जाड पानं, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला दोन लांब दांडे. पुस्तकासारखा उघडतो नि मिटतो. आत चौकोनी खळगे आहेत. त्यात पीठ ओतायचं, मिटायचं आणि निखाऱ्यावर एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर भाजायचं. जी निघते ती वाफल. बाहेरून कुरकुरीत, आतून कापसासारखी.

माझा जन्म अमेरिकेतला. मधुकरराव तिकडे गिरणीच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला गेले होते. ज्या म्हातारीच्या घरी ते राहत, तिनं निघताना मला त्यांच्या ट्रंकेत घातलं. बोटीतून, रेल्वेतून, शेवटी बैलगाडीतून मी हिंगणघाटात येऊन पडलो.

मधुकरराव सहा दिवस गिरणीत असत. सातव्या दिवशी मात्र ते माझे. मागच्या पडवीत शेगडी पेटायची, कारण अंडी घरात आणायला त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंची परवानगी नव्हती, पडवीपर्यंत होती. साहेब मैदा, ताक, लोणी आणि अंड्याचं पिवळं एकत्र करत. पांढरं वेगळं काढून भागीरथाकडे देत. ती ते काट्यानं इतकं फेटायची, की भांडं उलटं धरलं तरी थेंब पडू नये. मग तो फेस पिठात अलगद मिसळायचा. त्यांची छोटी मुलगी सुधा पाटावर बसून घाई करायची. साहेब म्हणायचे, "वाफ थांबेपर्यंत उघडायचं नाही. वाफ निघतेय तोवर ती आत ओली आहे."

भागीरथा त्यांच्याकडे वरकामाला होती. सुलोचनाबाई मुलींच्या शाळेत शिकवत, त्यामुळे हळूहळू स्वयंपाकही तिच्याकडे आला. शेजारच्या कमलाबाईंनी कुंपणावरून विचारलं होतं, "अहो, त्यांच्यातलीला थेट चुलीपाशी?" सुलोचनाबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण भागीरथानं ऐकलं होतं. तेव्हापासून ती त्या घरात काचेवरून चालल्यासारखी वावरायची.

मग पंचावन्न साली मधुकरराव तापानं आठ दिवसांत गेले. मला खिळ्याला टांगलं गेलं. वर्ष उलटलं. माझ्या खळग्यांत गंज चढला, कोळ्यानं जाळं विणलं. रविवार येत, पण पडवीत शेगडी पेटत नसे.

सत्तावन्नच्या माघात सुधाला दहावं लागणार होतं. "काय हवं?" असं आईनं विचारल्यावर ती म्हणाली, "बाबांची वाफल." सुलोचनाबाईंनी खिळ्यावरच्या माझ्याकडे पाहिलं. मग भागीरथाला म्हणाल्या, "मी आणि सुधा वर्ध्याला ताईकडे जाऊन येतो. रविवारी सकाळच्या गाडीनं परत. तोवर साचा काढून नीट घासून ठेव. मला काही ते करता येत नाही. तूच कर."

गुरुवारी सकाळी भागीरथानं मला खाली काढलं. आधी वाळूनं घासलं, मग चिंचेनं. गंज उतरला, ती खूश झाली. तेलाचा हात फिरवून तिनं मला उचललं, आणि तेलकट दांडा तिच्या हातातून निसटला. खाली फरशीची कड होती. माझं वरचं पान तिच्यावर आदळलं.

बीड लोखंडासारखं वाकत नाही. बीड फुटतं. माझ्या वरच्या पानाचे तीन तुकडे झाले.

भागीरथा ओरडली नाही. ती खाली बसली आणि तुकडे जुळवत राहिली. जुळत होते, पण हात काढला की सुटत होते. कुंपणापलीकडे कमलाबाईंच्या बांगड्या वाजल्या, तशी तिनं मला झटकन पदराखाली घेतलं. काम जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की लोक म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं? आणि गेलेल्या माणसाची वस्तू कुठून आणून द्यायची?

तिचा नवरा प्रेमदास ओतकामाच्या कारखान्यात कामाला होता. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचे भाग तिथं बिडात ओतले जात. त्या दिवशी दुपारी भागीरथानं मला पिशवीत घालून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं तुकडे हातात घेतले, खालचं धड पान उलटसुलट पाहिलं.

"म्या फोडलं," ती म्हणाली. "आता काय करू जी?"

"काऊन रडून राह्यली? माणसानंच ओतलं ना हे?" तो म्हणाला. "मेणानं चिकटवतो अन् वाळूत छाप घेतो. पण भट्टी शनिवारीच लागते. अन् अण्णाजी हो म्हणाले पायजे."

अण्णाजी कारखान्याचे मिस्त्री. केस पांढरे, भुवया जळालेल्या. शुक्रवारी त्यांनी मेणानं जोडलेलं माझं पान उजेडात धरलं आणि मान हलवली.

"अबे, हे किती पातळ हाये पाह्य. त्यात हे एवढे खळगे. बीड भरायच्या आंधीच थंडं होऊन जाईन."

"एकडाव पाहू द्या अण्णाजी."

"दोन साचे भर," अण्णाजी म्हणाले. "एक तं जाईनच."

प्रेमदासनं दुपारच्या सुट्टीत जेवण सोडून ओल्या वाळूत माझे दोन छाप घेतले. मी पिशवीत, खालचं एकच पान घेऊन, अर्ध्या देहानं ते ऐकत होतो. वाळू ठोकल्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता. अमेरिकेतही असाच असतो.

शनिवारी भट्टी लागली. यंत्रांचा माल आधी, मी शेवटी. वितळलेलं बीड पळीत आलं तेव्हा ते पांढरंपिवळं होतं. प्रेमदास पळी नेईतो नारिंगी झालं. पहिल्या साच्यात ते गेलं आणि मध्येच अडलं. एक सबंध कोपरा आलाच नाही.

"म्हटलं होतं ना," अण्णाजी म्हणाले. भट्टीत आता एका पळीचंच बीड उरलं होतं. ते म्हणाले, "सरक. हे मी ओततो. तू वाट मोकळी ठेव."

त्या म्हाताऱ्यानं पळी भरली आणि तो पळत गेला. साठीचा माणूस, हातात उकळतं बीड घेऊन पळत गेला! एका दमात ओतलं. हवेच्या छिद्रातून बीड वर आलं, म्हणजे साचा पुरता भरला होता.

"आता हात लावू नको. वाळूतच निवू दे," अण्णाजी म्हणाले. "घाई केली तं तडकून जाईन. उद्या पहाटी ये."

रविवारी तांबडं फुटताच प्रेमदासनं वाळू फोडली. पान सबंध होतं. करडं, खरखरीत, खळगान् खळगा आलेला. निवताना बीड आकसतं, म्हणून ते जुन्यापेक्षा सूतभर लहान. पाठीवर कंपनीचं नावसुद्धा उमटलं होतं. कानसेनं कडा घासून, बिजागरीचं भोक पाडून त्यानं ते मला जोडलं. मी मिटलो. नवं अंग जुन्यावर बसलं, तेव्हा मला ते परकं वाटलं. थोडं खाजलं.

पण नव्या बिडाला पीठ चिकटतं. भागीरथानं जवसाचं तेल लावून मला तापवलं, निववलं, पुन्हा लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. करडं पान तपकिरी झालं, मग काळपट. सूर्य वर आला. साडेआठची गाडी होती.

"कोणाले समजणार नाई," प्रेमदास म्हणाला. "आज लेकराचा दिवस हाये. उद्या सांगजो."

भागीरथा तेल लावत राहिली. चार महिन्यांपूर्वीच्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. खोटं बोलणार नाही, हे तिथं लाखो लोकांबरोबर मोठ्यानं म्हटलेलं.

"उद्या सांगणं म्हणजे खोटं नाई ना होत?" तिनं विचारलं.

प्रेमदासनं जुन्या तुकड्यांची पिशवी उचलली. तो म्हणाला, "मी कोपऱ्यावर थांबतो."

टांगा वाजला. सुधा धावत पडवीत आली, पाटावर बसली. मागून सुलोचनाबाई. मला पाहून त्या दारातच थबकल्या. "किती स्वच्छ केलंस गं," एवढंच म्हणाल्या. भागीरथानं मान खाली घातली. पांढरं फेटून तयार होतं. तिनं पीठ ओतलं. मी मिटलो. वाफ निघू लागली, आणि माझ्या नव्या अंगाला कळलं की पीठ धरून बसलंय.

वाफ थांबली. भागीरथानं उघडलं. वाफल मधोमध फाटली, अर्धी वरच्या पानाला, अर्धी खालच्याला.

"बाबांची अशी नव्हती फाटत," सुधा म्हणाली.

"असू दे बाळ. वर्षभर साचा पडून होता ना," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांनी माझा दांडा फडक्यानं धरला, मला शेगडीवरून बाजूला घेतलं. थोडा निवल्यावर वरच्या पानाच्या पाठीवर त्यांनी तळहात ठेवला. हळूच, कपाळावर ठेवतात तसा. "इथं त्यांचा हात असायचा. वर्षभरात मी हात लावला नाही याला. लावला असता तर बरं झालं असतं."

माझं नवं पान कालचं होतं. मधुकररावांनी ते कधी पाहिलंही नव्हतं. मला बोलता आलं असतं तर मी काय बोललो असतो, कोण जाणे.

भागीरथा उभी राहिली. "बाई, त्या पानाले साहेबांचा हात नाई लागला."

"म्हणजे?"

"म्या फोडलं. गुरुवारी. घासता घासता हातून सुटलं. हे नवं हाये. माह्या घरच्यानं ओतून आणलं."

सुलोचनाबाईंनी हात उचलला.

"गुरुवारी फुटलं. आणि आज मी दारात आले तेव्हा?"

"सांगाले तोंड नाई झालं."

"मला त्यावर हात फिरवू दिलास."

"नाई फिरवू देल्ला बाई. म्हणूनच बोलली."

शेगडीत कोळसा तडतडला. "घरी जा, भागीरथा," सुलोचनाबाई म्हणाल्या.

तिनं हात धुतले. मागच्या दाराशी थांबून, न वळता म्हणाली, "फेस बसून राह्यला. लवकर करा, नाई तं पीठ फुकट जाईन. अन् तुपाचा हात जरा जास्त द्या." आणि गेली.

सुलोचनाबाईंनी दात आवळून पीठ ओतलं. वाफ जोरात असतानाच त्यांनी मला उघडलं. पुन्हा चिंध्या.

"आई, वाफ थांबली नव्हती," सुधा रडवेली झाली.

कुंपणापलीकडून कमलाबाई म्हणाल्या, "बरं झालं काढलीत. मी तेव्हाच सांगत होते. ती माणसं..."

सुलोचनाबाईंनी वळून पाहिलं. "कमलाबाई, फुटलं ते माझ्या घरात. आणि कुणी विचारलं नसताना तिनं सांगितलं, तेही माझ्याच घरात."

त्या अनवाणीच बाहेर गेल्या. कोपऱ्यावर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ गेला. सुधा पिठाच्या भांड्यावर ताट झाकून बसली होती, जणू त्यानं फेस टिकणार होता. मग तिघांची पावलं आली. सुलोचनाबाईंचे डोळे लाल होते, भागीरथाचे कोरडे.

भागीरथानं मला तुपाचा हात दिला, उरलेलं पीठ ओतलं, मिटलं. मला उलटवलं. वाफ आली, दाट झाली, विरळ झाली. कुणी हलेना. शेवटचा धागा विरला तरी तिनं दहा आकडे मोजले. मग उघडलं.

ती सुटली. सबंध, तांबूस, खळगान् खळगा उभा. सुधानं मोडली तेव्हा कुरकुर असा आवाज दारात उभ्या प्रेमदासपर्यंत गेला.

"तुम्ही ओतलंत?" सुलोचनाबाईंनी त्याला विचारलं.

"अण्णाजींनी ओतलं बाई. म्या छाप घेतला."

"जुने तुकडे कुठे आहेत?"

त्यानं पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली, कपाटात मधुकररावांच्या कोटाखाली ठेवली. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "आत बसा, खाऊन जा," एवढं प्रेमदासला म्हणाल्या, आणि भागीरथाला, "पुढच्या रविवारी लवकर ये." चार माणसांत त्या दिवशी तीनच वाफली झाल्या. गुळाच्या पाकात बुडवून सगळ्यांनी वाटून खाल्ल्या, भागीरथानं सगळ्यांत शेवटी.

त्याला दोन वर्षं झाली. जवळजवळ दर रविवारी मी शेगडीवर असतो. माझं नवं पान आता जुन्याइतकंच काळं आहे. सूतभराचा फरक बोट फिरवलं तरच कळतो.

आता सुलोचनाबाईंची आर्वीला बदली झाली आहे. भागीरथा इथंच राहणार. मला कुणी न्यायचं, यावर दोघींनी एकमेकींना आग्रह केला. शेवटी भागीरथा म्हणाली, "सुधाले नेऊ द्या. तिले आता येते." आज सकाळी बारा वर्षांच्या सुधानं एकटीनं सगळं केलं. भागीरथा पाटावर बसली होती आणि सुधा तिला वाढत होती. इतक्या वर्षांत मी भागीरथाला पहिल्यांदा गरम खाताना पाहिलं. तिनं पहिला घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली, मग म्हणाली, "जमली वं."

आता मी जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत आहे. माझं मागणं मोठं नाही. मला साबण लावू नका, पाण्यात भिजत ठेवू नका. आणि घरातलं कुणी गेलं तरी मला खिळ्याला टांगून ठेवू नका. शेगडी पेटवा. पहिली फाटली तर फाटू द्या. दुसरी करा.