उलट्या फरशीखालचा पाइप

आधी नाकावरचा रुमाल काढा, मित्रांनो. मी एक जुना सांडपाण्याचा पाइप आहे हे खरं, पण माझी गोष्ट ऐकायला नाक लागत नाही, कान पुरतात. आणि मी काही ऐरागैरा नाही. मी बिडाचा आहे. तुमच्या स्वयंपाकघरातला जड काळा तवा ज्या बिडाचा असतो ना, त्याच. तव्याचं कौतुक सगळे करतात. माझं कोणी करत नाही, म्हणून आज मीच करून घेतो.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. वितळलेलं बीड साच्यात ओतलं, ते निवलं, आणि मी बाहेर आलो. ओतकाम करणाऱ्या कामगाराने माझ्या पाठीवर हातोडीने टकटक केली, कान लावून ऐकलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हा टिकेल बरं का!" जन्मतःच एवढी शाबासकी मिळाल्यावर कोणाची छाती फुगणार नाही?

मग माझ्या भावंडांबरोबर मला एका गल्लीतल्या बैठ्या घरी आणलं. मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, पुढे मोकळं अंगण, अंगणापुढे गल्ली. स्वयंपाकघरापासून गल्लीपर्यंत चर खणून आम्हाला ओळीने निजवलं. सांध्यासांध्यात तागाची दोरी ठासली, वरून पातळ केलेलं शिसं ओतलं, आणि आम्ही सगळे मिळून एक झालो. तोच मी. अंगणात माझ्यासाठी विटांचा एक चौकोनी हौद बांधला आणि त्यावर लोखंडी झाकण ठेवलं. त्याला चेंबर म्हणतात. कधी काही अडकलं, तर झाकण उचलायचं आणि आत डोकवायचं. डॉक्टर घसा बघायला 'आ करा' म्हणतात, तशी ती माझी 'आ' करायची जागा.

घरात दोन मुलं होती. थोरली ताई, धाकटा भाऊ. भाऊने एकदा आपली हिरवी काचेची गोटी न्हाणीघराच्या मोरीतून माझ्याकडे सोडली आणि मग ती परत यावी म्हणून मोरीशी बसून भोकाड पसरलं. ताईने त्याला आपली गोटी दिली, तेव्हा कुठे गडी गप्प झाला. अंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, रुसव्याफुगव्यात ओतून दिलेलं दूध, मी सगळं पोटात घातलं आणि निमूटपणे गल्लीपर्यंत नेलं. त्यांची आई शेजारणींना सांगायची, "आमची मोरी कधी तुंबत नाही हो!" मी खाली पडल्यापडल्या ऐकायचो आणि खूश व्हायचो.

पुढे आई-वडील गेले. भाऊ शिकायला परगावी होता. ताईने शिवणकाम सुरू केलं, आणि त्यासाठी अंगणावर छप्पर घालून खोली बांधायला काढली. फरशीचं काम एका गवंड्याकडे होतं. फार चोख माणूस. एकेक फरशी सूत धरून लावायचा, केसभर इकडची तिकडे झाली तरी उखडून पुन्हा बसवायचा. फरश्यांवर एकेक पान कोरलेलं होतं आणि सगळ्या पानांची टोकं दाराकडे ठेवायची, असं ठरलं होतं. काम चेंबरपाशी आलं आणि दोघांची जुंपली.

"हे झाकण बुजवू नका, ताई," गवंडी म्हणाला.

"अहो, इथे गिऱ्हाइकं येणार! कपड्यांचं माप घेताना पायाखाली गटाराचं झाकण? शोभेल का? बुजवा."

"मागाहून पस्तावाल."

"पस्तावेन तर मी पस्तावेन. तुम्ही फरशी लावा."

गवंड्याने मान हलवली आणि फरशी लावली. दुसऱ्या दिवशी ताईच्या लक्षात आलं, की एका फरशीचं पान दाराकडे नाही, भिंतीकडे आहे. तोवर गवंडी पैसे घेऊन गेलेला. ताई खूप हसली. "एवढा सूत धरणारा माणूस, शेवटी डुलकी लागलीच!" तिने त्या फरशीवर कापड बेतायचं मोठं टेबल ठेवून दिलं. झाकलेली चूक आणि झाकलेलं चेंबर, दोन्हींवर पडदा पडला.

त्यानंतर मला सगळे साफ विसरले. मित्रांनो, आम्हा पाइपांचं असंच असतं. आम्ही चांगलं काम केलं की आमची आठवणच कोणाला येत नाही. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काम सोडलं नाही.

भाऊ नोकरीला लागून परत आला, त्याचं लग्न झालं, वहिनी घरात आली. वहिनीच्या हाताला चव होती, पण तळण झालं की उरलेलं तेल ती गरम पाण्याबरोबर मोरीत सोडायची. गरम पाणी पुढे निघून जायचं, तेल मात्र थंड होऊन माझ्या अंगाला चिकटायचं. इकडे ताईची जुनी शिस्त. नवं कापड आधी भिजवून वाळवल्याशिवाय ती कात्री लावत नसे, म्हणजे शिवलेला कपडा पुढे आटत नाही. त्या पाण्याबरोबर सुटे दोरे यायचे आणि तेलाला धरून बसायचे. दोघीही आपापल्या परीने शहाण्या, आणि दोघींनी मिळून माझ्या गळ्यात असा काही फास वळला, की विचारू नका.

एके सकाळी न्हाणीघरात पाणी उलटं वर आलं. शिवणाच्या खोलीच्या भिंतीला ओल धरली, कुबट वास सुटला. गिऱ्हाइकं दारातूनच कपडे देऊन पळू लागली, मग तीही येईनाशी झाली.

"ताई, तुमचे दोरे हो," वहिनी म्हणाली.

"आणि तुझं तेल?" ताई म्हणाली.

एकमेकींच्या नावाने खापर फोडून झाल्यावर प्लंबर आला. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा. आल्याआल्या त्याने विचारलं, "चेंबर कुठंय?"

"याच खोलीत आहे कुठेतरी," ताई म्हणाली. "फरशीखाली गेलं, त्याला किती वर्षं झाली! दाराजवळ होतं... की खिडकीजवळ?"

"कुठेतरी म्हणजे मग सगळीकडेच की! आत बघता येत नाही, तर कुठे फुटलंय ते काय सांगू? लाइन जुनी आहे. फोडायची तर सगळी फोडू, सगळी नवीन टाकू." आणि त्याने आकडा सांगितला. भाऊने चष्मा काढून पुसला, जणू आकडा काचेवर लिहिलेला होता.

"अहो, पाइपाला एवढे पैसे?"

"पाइप स्वस्तच आहे, साहेब. फरशी फोडायची, खणायचं, राडारोडा उचलायचा, परत फरशी लावायची, पैसा तिथे जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

तो खोटं बोलत नव्हता. घराचं काम असंच असतं. पण एवढे पैसे घरात नव्हते. भाऊने चार दिवस हिशोब मांडून पाहिला. मग म्हणाला, "ताई, घर विकून टाकू. एकजण आहे तसं घ्यायला तयार आहे. आपण इमारतीत जागा घेऊ, वरच्या मजल्यावर स्वस्त मिळेल."

"आणि माझं शिवण?" ताईने विचारलं. "दोन बाह्या आखूड करायला तिसरा मजला कोण चढणार रे?"

पण सगळी लाइन बदलण्याएवढे पैसे ताईजवळही नव्हते. तिने मान डोलावली आणि मशीनवर कापड पांघरलं. मला इतका संताप आला म्हणून सांगू! माझं बहुतेक अंग ठणठणीत होतं. दुखणं एकाच जागी, चेंबरच्या तोंडाशी. मला तोंडं दोन आहेत, मित्रांनो, पण बोलता एकानेही येत नाही.

घर घेणाऱ्याची अट होती, की लाइनीच्या खर्चाचं नीट माप काढा, तेवढे पैसे किमतीतून कमी करू. म्हणून प्लंबर टेप घेऊन पुन्हा आला. खोली रिकामी करायला भाऊने आणि त्याने ते मोठं टेबल सरकवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

"ही बघा गवंड्याची डुलकी," वहिनी म्हणाली. "सगळी पानं दाराकडे, हे एकटंच भिंतीकडे!"

सवयीने ताई हसली. आणि हसतानाच थांबली.

"तो डुलकी घेणारा नव्हता," ती हळूच म्हणाली. "केसभर चुकलं तरी उखडायचा." ती खाली बसली आणि त्या पानावर हात फिरवू लागली. "अगं, अस्तराखाली काही झाकायचं असलं, तर मी वरून वेगळ्या रंगाचा टाका घालते. उसवायची वेळ आली तर जागा सापडावी म्हणून. त्याने टाका घातलाय! मी बुजव म्हटलं, त्याने बुजवलं, पण खूण ठेवून गेला." मग प्लंबरकडे वळून म्हणाली, "हीच काढा. फक्त ही."

प्लंबरने पान्याच्या मुठीने फरशीवर ठोकलं. आवाज पोकळ आला. अलगद फरशी निघाली, खाली माझं लोखंडी झाकण! ते उचललं आणि कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला.

प्लंबरने तारेने तो फास ओढून काढला. लांबलचक, मेणचट, रंगीबेरंगी. वर धरून म्हणाला, "दोरे ताईंचे, तेल वहिनींचं. वाटून घ्या!" दोघी हसल्या आणि दोघी लाजल्या. गाळात एक हिरवी गोटीही निघाली. भाऊने ती तीनदा साबणाने धुतली आणि खिशात टाकली. घर विकायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

चेंबरच्या तोंडाशी माझा एक तुकडा गंजून तळाला तडकला होता. तेवढा कापून तिथे प्लास्टिकचा नवा गडी जोडला. पोरगा हलका आहे, पण कामाला बरा आहे. ताईने नव्या मशीनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत सगळं भागलं. बाकीच्या अंगावर ठोकून प्लंबर म्हणाला, "हा अजून चालेल. पण अमर नाही. वर्षातून एकदा उघडून बघा, आणि पुढच्यासाठी आतापासून थोडं थोडं साठवा." बरोबर बोलला. मीही तेच सांगतो, मित्रांनो. तेल मोरीत सोडू नका, दोरे गाळून घ्या, आणि जमिनीत काही झाकलंत तर कुठे झाकलं ते विसरू नका. आमचं दुखणं लवकर दिसलं तर स्वस्तात बरं होतं.

चेंबरवर आता उचलता येईल असं झाकण आहे, आणि त्यावर तीच फरशी बसवली आहे. बसवताना प्लंबर पान दाराकडे वळवू लागला, तेव्हा ताईने त्याचा हात धरला. "तशीच. भिंतीकडे."

परवा एक नवीन मुलगी माप द्यायला उभी राहिली आणि खाली बघून म्हणाली, "ताई, ही एक फरशी चुकलीय तुमची."

"चुकली नाही गं," ताई म्हणाली. "गवंडी तेव्हाच सांगून गेला होता. ऐकायला मलाच उशीर झाला."