एक आवर्तन पुढे

पाच जणांचा तो ब्लूज बँड चौतीस वर्षं टिकला होता, तो गाण्यांपेक्षा दमावर. त्यांच्या कार्यक्रमाला आलेला माणूस पहिल्या दोन गाण्यांतच खुर्ची सोडून नाचायला लागायचा. गायकाला सगळे 'तोफ' म्हणायचे. साठी उलटली तरी तो स्टेजवरून खाली उडी मारून प्रेक्षकांत गात फिरायचा. पण खरा जोर होता मागे बसून ड्रम वाजवणाऱ्या दादाचा. त्याची धाकटी बहीण पियानोवर असायची. एरवी ती लोकांच्या घरी जाऊन पियानो जुळवून द्यायची, त्यामुळे तिचा कान भलताच तिखट होता.

त्या रविवारी कार्यक्रम दुपारी चारला होता. जुनं गोदाम साफसूफ करून हॉल केलेला, लाकडी स्टेज, खाली पोकळ. बाराच्या सुमाराला आवाज तपासायला दोघं भावंडंच आधी पोचली. दादाने सावकाश ठेका धरला, तिने सूर भरले. ब्लूजचं एक बरं असतं, तेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

तिसऱ्या आवर्तनात तिच्या तळपायाला काहीतरी जाणवलं. फळ्यांखालून कुणीतरी ठोके देत होतं. आधी तिला वाटलं, ड्रमचाच आवाज घुमतोय. तेवढ्यात खालचा ठोका मध्येच अडखळला. दादा मात्र सरळ वाजवत होता. आवर्तन फिरलं आणि नेमक्या त्याच जागी दादाच्या हातातली काठी निसटली.

तिचे हात पियानोवर थांबले. घुमलेला आवाज मागून येतो. हा पुढे होता, अख्खं एक आवर्तन पुढे.

"दादा, खाली कोण आहे?"

"कोण असणार?" तो काठी उचलत म्हणाला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

तिने स्टेजच्या कडेला खाली सोडलेला पडदा वर करून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. घडीच्या खुर्च्या, दोरखंडाचं वेटोळं आणि बोटभर धूळ. धुळीवर पावलाचा एक ठसा नव्हता. हॉलचा साउंडवाला हसला. "लाकूड आहे ताई. कुरकुरायचंच."

चारला हॉल खच्चून भरला. तोफेने तिसऱ्याच गाण्यात खाली उडी घेतली, म्हाताऱ्या बायासुद्धा उठून नाचायला लागल्या. ती वाजवत होती, पण सगळं लक्ष तळपायात. खालचे ठोके चालूच होते. कुठे जोर चढणार, कुठे उतरणार, सगळं आधी खाली व्हायचं, मग दादाच्या हातून.

शेवटच्या गाण्यात दादा एकटा वाजवायचा. बाकीचे बाजूला झाले, ती तेवढी पियानोपाशी राहिली. दादा घामाने निथळत होता, लोक किंचाळत होते. आणि खालचा ठोका थांबला.

गाणं संपताना थांबतो तसा नाही. मध्येच, हात उचललेला असताना थांबावा तसा.

ती मोजत राहिली. खाली काहीच नाही. वर दादा वाजवतोय, आवर्तन संपत आलंय, नवीन सुरू होतंय. खालचा ठोका जिथे थांबला होता ती जागा जवळ यायला लागली तशी ती ताडकन उठली, स्टूल धाडकन पडलं, आणि तिने दादाची दोन्ही मनगटं घट्ट धरली.

हॉल चिडीचूप. मग तोफेनेच माइक उचलला. "बहिणीपुढे कुणाचं चालतं का?" लोक खो खो हसले, टाळ्या पडल्या. तिला वाटलं, ती जागा आता येऊन निघून गेली असेल. हातातली मनगटं गरम होती, नाडी उडत होती.

मागच्या खोलीत दादा भिंतीला टेकून बसला. ती दार लावून म्हणाली, "खालचं थांबलं होतं."

दादाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट कुणीतरी चोरी पकडल्यावर सुटल्यासारखं वाटावं तसं काहीतरी होतं.

"तुलाही ऐकू आलं?"

"आज पहिल्यांदा. तुला?"

"पहिल्या कार्यक्रमापासून. प्रत्येक स्टेजखाली. लोक म्हणतात, एवढा दम आणतोस कुठून? दम कसला गं. मी आपला त्याच्या मागे धावतो."

"म्हणजे थांबलं ते तुलाही कळलं. मग का वाजवत राहिलास?"

त्याने टॉवेलने बोटं पुसली. "एक आवर्तन उरलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, निदान नीट वाजवावं."

तिला रडू फुटलं. दादाने नेहमीसारखी तिच्या डोक्यावर टपली मारली.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत निघालं. मात्र खालचा ठोका परत आला नाही. दोन कार्यक्रम दादाने कसेबसे रेटले, तिसऱ्यात तो काठ्या हातात घेऊन नुसता बसून राहिला. वहिनीचा फोन आला, "वन्सं, ह्यांना झालंय तरी काय? चहाचा घोट घेतानासुद्धा थांबतात. कुणाला तरी विचारून घ्यावं तसे."

पुढच्या सरावाला ती लवकर गेली. बूट काढून तिने अनवाणी टाच जमिनीवर आपटायला सुरुवात केली, सावकाश, एकसारखी. दादा आत आला आणि दारातच थबकला.

"आलं?" त्याने लहान मुलासारखं विचारलं.

"आलं," ती म्हणाली.

तो बसला. एक आवर्तन त्याने ऐकून घेतलं, मग वाजवायला लागला, अगदी पूर्वीसारखा. तोफेने आत येताच आरोळी ठोकली. गाणं रंगलं, संपलं, बाकीच्यांनी वाद्यं खाली ठेवली. दादाच्या काठ्या मात्र अजून हवेत होत्या आणि नजर तिच्या पायावर होती.

टाच सोलवटली होती. तोफ दोनदा म्हणाला, "अगं बाई, झालं गाणं, पुरे की आता." पण पाय थांबवायची तिची हिंमत झाली नाही.